परदेशी कार कंपन्यांनी काहीच शिकवलं नाही? त्या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

गेले काही दिवस साताऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की परदेशी कार कंपन्या चाळीस वर्षं भारतात आहेत पण स्क्रू आवळण्यापलीकडं त्यांनी आपल्याला काही शिकवलं नाही, खरी टेक्नॉलॉजी लपवून ठेवली, चीननं मात्र निम्म्या भागीदारीची सक्ती करून सगळं ज्ञान काढून घेतलं, आपली पोरं नुसती लेबर राहिली आणि कंपनी गेली की मागं रिकामी शेड उरते. एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारी माणसंसुद्धा हे पुढं ढकलतायत म्हणून लिहायला बसलोय, कारण मी पण ह्याच धंद्यात आहे आणि आपल्या कामाची किंमत आपणच शून्य करावी हे मला अजिबात पटत नाही.

आधी स्क्रू आवळण्याचं बघू. डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा बरेचसे पार्ट जपानहून खोक्यात यायचे, हे खरंय. पण सुझुकीकडं तेव्हा फक्त २६ टक्के शेअर होते, बाकी कंपनी सरकारची, आणि टप्प्याटप्प्यानं पार्ट इथंच बनवायचे ही अट पहिल्यापासून होती. मग मारुतीनं स्वतः व्हेंडर, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्या, कंपन्यांत पैसे घातले, त्यांना जपानी पार्टनर गाठून दिले. स्टिअरिंगसाठी सोना स्टिअरिंग निघाली, तिला जपानच्या कोयो सेइकोचं सहकार्य होतं, आणि हीच कंपनी पुढं २००३ ला डेमिंग प्राइझ घेऊन आली. त्याच्या आधी १९९८ ला सुंदरम क्लेटननं ते आणलं होतं, भारतातली पहिलीच कंपनी. क्वालिटीतला जपानचा सगळ्यात मानाचा पुरस्कार आहे तो, नुसता स्क्रू आवळून मिळत नाही.

दुसरा मुद्दा, टेक्नॉलॉजी लपवली. हा जरा नीट बोलायला पाहिजे. ड्रॉइंग कुणी फुकट देत नाही, कबूल. पण कराराच्या काळात तुम्ही काय करता ह्यावर सगळं अवलंबून असतं. टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) १९५४ ला डेमलर बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला, तो १९६९ ला संपला, आणि त्यानंतर ट्रक बंद पडले का? उलट १९८६ ला स्वतःचा ४०७ आणला, जो आजही महाबळेश्वरच्या घाटात भाजी घेऊन चढताना दिसतो. बजाजचं पण तेच, इटलीच्या पियाज्योचा वेस्पाचा परवाना १९७१ ला संपला आणि लगेच पुढच्या वर्षी चेतक आली, आणि मग १९७५ ला महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन होऊन प्रिया स्कूटर आपल्या साताऱ्यातच बनायला लागली. इटलीतलं ज्ञान बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यामार्गे साताऱ्यात पोचलं, आणि ज्यांच्या घरातलं कुणी तिथं कामाला होतं त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आणि ज्ञान म्हणजे फक्त ड्रॉइंग नव्हे ओ! माझ्याच शॉपमधलं सांगतो. एका जॉबचा बोअर (आतलं गोल भोक) होता, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वीस मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, हुशार माणूस, प्रत्येक पीस मोजायचा आणि दोन-चार मायक्रॉन इकडंतिकडं दिसले की लगेच ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो मशीनमधला आकडा) बदलायचा, आम्हाला वाटायचं केवढी काळजी घेतोय. तरी लॉट परत यायचे. मग कस्टमरचा क्वालिटी इंजिनिअर आला, दिवसभर मशीनजवळ उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की ऑफसेटला हात लावू नका, पीस काढत जा, बोअर गेजनं मोजा आणि रीडिंग ह्या ग्राफवर टाका. ग्राफवर स्पष्ट दिसलं की ते दोन-चार मायक्रॉन म्हणजे मशीनचा नेहमीचा हेलकावा होता आणि प्रत्येक वेळी ऑफसेट मारून आम्हीच तो वाढवत होतो. खरी हालचाल वेगळीच होती, इन्सर्ट (टूलची कापणारी टोकाची पट्टी) झिजेल तसा बोअर हळूहळू बारीक होत जायचा. आता रीडिंगचा कल ग्राफवरच्या खालच्या मर्यादेच्या लाइनकडं झुकला की मगच ऑफसेट देतो. रिजेक्शन जवळपास थांबलं. नवीन मशीन नाही, ड्रॉइंग नाही, एक कागद आणि पेन्सिल. ही विद्या मूळची अमेरिकेतली, ज्यांच्या नावाचं ते प्राइझ आहे ते अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग ती १९५० ला जपानला घेऊन गेले, जपानी कंपन्यांनी आपल्या व्हेंडरांना शिकवली, त्यांच्यामार्फत ती इकडच्या मोठ्या सप्लायरांकडं आली आणि तिथून आमच्यासारख्या छोट्या शॉपपर्यंत. ह्याला ज्ञान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता चीन. निम्म्या भागीदारीची अट होती हे बरोबर आहे, पण आज जगात नाव गाजतंय ते कुणाचं? बीवायडी आणि जीली. दोन्ही खाजगी. बीवायडी १९९५ ला बॅटरी बनवायला सुरू झाली, कारमध्ये २००३ ला शिरली. जीलीनं २०१० ला फोर्डकडून अख्खी व्होल्वोच विकत घेतली. ज्या सरकारी कंपन्या वर्षानुवर्षं जर्मन-अमेरिकन पार्टनरसोबत बसल्या होत्या त्यांना बसल्या जागी नफा मिळत होता, स्वतःचा ब्रँड मोठा करायची घाई नव्हती. हां, त्या भागीदारीमुळं पार्ट बनवणाऱ्यांची फळी आणि हजारो इंजिनिअर तयार झाले आणि त्याचा फायदा ह्या खाजगी कंपन्यांना झाला, हे मान्य करायलाच पाहिजे. म्हणजे ज्ञान मुरलं ते व्हेंडरांत आणि माणसांत. ती भागीदारीची अट चीननं स्वतःच इलेक्ट्रिकसाठी २०१८ ला आणि बाकी पॅसेंजर कारसाठी २०२२ ला काढून टाकली, ते मेसेजमध्ये नाही.

बाकीच्या देशांचं पण बघा. मलेशियानं १९८३ ला मित्सुबिशीला धरून प्रोटॉन काढली, सरकारनं भरपूर जपली, शेवटी २०१७ ला ४९.९ टक्के जीलीलाच विकावी लागली. ह्युंदाई १९६८ ला फोर्डची कोर्टिना जोडत होती, पण १९७५ च्या पोनीसाठी त्यांनी डिझाइन इटलीतून घेतलं, इंजिन मित्सुबिशीचं, आणि पुढं स्वतःचं इंजिन करायला इंग्लंडच्या रिकार्डो ह्या इंजिन डिझाइन करणाऱ्या कंपनीला पैसे मोजले, १९९१ ला अल्फा इंजिन आलं. आपल्या साताऱ्याचं कूपर, १९२२ पासूनचं, त्यांनी पण इंजिनसाठी ह्याच रिकार्डोला गाठलं. पार्टनरवर सक्ती करून नाही, पदरचे पैसे घालून.

पोरं लेबर राहिली म्हणणाऱ्यांनी शिरवळ किंवा कूपवाडला एक चक्कर मारावी. आयटीआय करून ट्रेनी लागलेला पोरगा सेटर होतो, मग दुसऱ्याकडं जातो, मग कर्ज काढून एक सेकंडहँड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) टाकतो. मालकाला राग येतो, मला पण येतो, पण ज्ञान पसरतं ते असंच.

कंपनी गेल्यावरचं दुःख मात्र खोटं नाही. जनरल मोटर्सनं २०२० च्या शेवटी तळेगावचा प्लांट बंद केला तेव्हा कामगारांचे हाल झाले, ते कुठल्याही युक्तिवादानं झाकू नये. पण तो प्लांट घ्यायचा करार २०२३ ला ह्युंदाईनं केला, आणि तयार प्लांट नि आजूबाजूला व्हेंडर नसते तर कोण कशाला आलं असतं?

मेसेजमधलं जे खरं आहे ते वेगळ्याच जागी आहे. इंजिनचा ईसीयू (ते चालवणारा छोटा कॉम्प्युटर), चिप, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ईव्हीच्या बॅटरीचा सेल, ह्यातलं बरंचसं अजून बाहेरून येतं आणि तिथं आपण खरंच मागं आहोत. मग मागणी तिथं करा की. २०२१ च्या पीएलआय योजनेत (देशात माल बनवणाऱ्या कंपन्यांना सरकारी सवलत) ५० टक्के व्हॅल्यू अॅडिशन देशात पाहिजे अशी अट आहे, ती मोठ्यांपुरती न ठेवता सवलत घेणाऱ्या कंपनीनं छोट्या व्हेंडरकडं आपले इंजिनिअर पाठवलेच पाहिजेत असं त्यात घाला. सातारा आणि सांगलीच्या पोरांना आयटीआयमध्येच सीएमएमवर (बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर) मोजायला आणि तो ग्राफ भरायला शिकवा, म्हणजे कस्टमरच्या माणसाची वाट बघायला नको.