लावणी बाजीरावाच्या वाड्यात जन्मली नाही

तासगावच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच मजकूर फिरतोय. कुणीतरी तो पुढे ढकलतो, खाली चार जण हात जोडतात. मजकूर थोडक्यात असा: ‘लावण्य’वरून लावणी, दुसऱ्या बाजीरावानं ती पुण्यात सुरू केली, पहिल्यापासून ती गायची बायकांनीच आणि विषय फक्त शृंगार, आपल्या सातारा-सांगलीकडे पोचलं ते तिचं उष्टं, म्हणजे जत्रेतला तमाशा. ‘उष्टं’ हा शब्द त्यांचाच. तोच जास्त झोंबला.

आधी बाजीराव. तो गादीवर आला १७९६ साली. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी जन्मले १७४४ साली, म्हणजे तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले. सोलापूरचा शाहीर राम जोशीही तिशी पार केलेला. हे दोघं काय बाजीरावाची वाट बघत तोंड मिटून बसले होते? त्यानं शाहिरांना आश्रय दिला, त्या पैशानं लावणीला बरकत आली, हे कबूल. पण दुधाचा रतीब लावणारा काही गवळी होत नसतो. (लावण्या रचणारा होनाजी मात्र खरोखरचा गवळी.)

‘लावण्य’ कानाला गोड लागतं, एवढंच. शब्दाला शब्द लावत जाणं, यावरून लावणी, असंही अभ्यासक म्हणतात. कुणी भाताच्या लावणीकडे बोट दाखवतं. पाटण-जावळीच्या माणसाला हे शेवटचं पटकन पटेल, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. ज्याचा निकाल लागलेला नाही, ते लागल्यासारखं कशाला लिहायचं?

आता बायका. होनाजी रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा. दोघेही पुरुष. (‘होनाजी बाळा’ हा एकच माणूस समजणारेही ग्रुपवर निघाले, ते असो.) जुन्या फडात, म्हणजे तमाशाच्या ताफ्यात, शाहीर गाणार, मागचे साथीदार, म्हणजे सुरते, झील ओढणार (त्याच्या ओळीचं शेवट सूर लावून ताणणार) आणि नाचायला लुगडं नेसलेला नाच्या पोरगा. तमाशात बाई ठळकपणे उभी राहिली ती एकोणिसावं शतक उतरताना, आणि त्यात नाव निघतं ते शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडातल्या पवळाबाईचं. आजही जत्रेतल्या तमाशाला समोर न बसता स्टेजच्या कडेला उभं राहून बघा. सगळ्यांची नजर पुढच्या बाईवर. मागं एक म्हातारा तुणतुण्याच्या एकुलत्या तारेवर काडी मारत असतो. बाईनं ओळ सोडली रे सोडली की तिचं शेवटचं अक्षर तो वरच्या वर झेलतो आणि ‘जी जी रं जी’ असं ताणतो की मानेच्या शिरा तटतटतात. फडातला बाप्यांचा आवाज गेलेला नाही, तो मागच्या रांगेत सरकलाय.

फक्त शृंगार? याच ग्रुपवर एक काका रोज पहाटे ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ पाठवतात. ती भूपाळी होनाजीच्याच नावावर आहे. आणि कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतल्या सवाल-जवाबाच्या, भेदिक लावण्यांत कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते गाण्यातच सोडवायचं. त्यात शृंगार शोधायचा तर दिवा घेऊन बसावं लागेल.

राहिलं उष्टं. पहिला वग, म्हणजे तमाशातलं नाटक, म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘मोहना बटाव’ रचला उमा-बाबू सावळजकरांनी. सावळज आपल्याच तालुक्यातलं, मजकूर पाठवणारे महाशय द्राक्षाच्या हंगामात तिथून शंभर वेळा गेले असतील. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णा कुलकर्णी, जन्म १८६६. सांगलीकडच्याच वाळव्यातल्या या माणसाच्या लावण्यांनी मुंबईची थिएटरं भरली. वाट पुण्या-मुंबईकडून इकडे येत होती, तशी इकडूनही तिकडे जात होती.

बरं, तमाशा जत्रेतला म्हणून नाक मुरडायचं, तर शहरी समजली जाणारी बैठकीची लावणी घ्या. तबला, पेटी, आणि बाई बसूनच गाणार. एकच ओळ ती फिरून फिरून घेते; एकदा रुसून, एकदा टोमणा मारून, एकदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच, अर्थ दर खेपेला निराळा. या गाण्यात ज्यांचं नाव अव्वल धरलं जातं त्या यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री, २०१८ साली वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तासाभरानं त्याच महाशयांचं उत्तर आलं, “वाईकर म्हणजे आपल्या वाईच्या?”