कुत्र्यांवर भांडता, गाभडलेल्या बकरीचं काय?

‘तुमच्याकडं रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही म्हणे?’ नेदरलँड्सला आल्यापासून हा प्रश्न गावाकडून येतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली आणि अकराच दिवसांत निर्बीजीकरण करून, लस देऊन बहुतेक कुत्री पुन्हा जागेवर सोडायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, आणि दोन्हीकडचे दाखला मात्र परदेशाचा देतात.

इथे भटकी कुत्री नाहीत, हे खरं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, तेव्हा भांडण फुकाचं आहे असंही मी म्हणणार नाही. पण मी राहतो त्या आइंडहोवनच्या आसपास, याच नॉर्ड ब्राबांट प्रांतात, बकऱ्यांनी डच लोकांना घाम फोडला होता. २००७ मध्ये हर्पेन नावाच्या खेड्यात गावच्या डॉक्टरांना न्युमोनियाचे पेशंट नेहमीपेक्षा जास्त दिसले. तो क्यू फीवर निघाला, म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणारा जंतूचा आजार. दुधाच्या बकऱ्यांच्या मोठमोठ्या फार्मवर त्याआधीपासूनच बकऱ्या गाभडत होत्या, म्हणजे दिवस भरण्याआधीच त्यांचा गर्भ पडत होता. गाभडताना जंतू बाहेर पडतात, धुळीत मिसळतात आणि वाऱ्यावर लांब जातात. २०१० पर्यंत चार हजारांवर रुग्णांची नोंद झाली, आणि शेवटी ५० हजारांहून जास्त जनावरं मारावी लागली. कोणत्या फार्मवर रोग आहे हे सरकारने २००९ संपेपर्यंत लोकांना सांगितलं नव्हतं, कारण काय, तर मालकांची खासगी माहिती! तेव्हा ‘तिकडचे लोक शहाणे’ हे जरा बेतानेच म्हणावं. शहाणपण ठेच लागल्यावर आलं. आता इथे जनावरांचे आणि माणसांचे डॉक्टर दर महिन्याला एकत्र बसतात आणि कोणाला काय वेगळं दिसलं ते एकमेकांना सांगतात.

आता दारव्ह्याकडच्या माझ्या मामाचा गोठा बघा. बकरी गाभडली. मामीने उघड्या हातांनी जार उचलली, उकिरड्यावर फेकली, हात राखेने घासले आणि भाकरी थापायला बसली. पुढे तिला महिनाभर ताप, कंबरदुखी, रात्री अंगाला घाम. फोनवर मामा म्हणाला, ‘ताप काय, येते न् जाते. टायफाइडच्या गोळ्या देल्ल्या डॉक्टरनं.’ तो ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे जनावरांकडून माणसाला होणारा ताप, होता असं इतक्या लांबून मी म्हणत नाही. पण ‘घरी ढोरं आहेत का, एखादं गाभडलं का?’ हे तिला दवाखान्यात कोणीच विचारलं नाही. बकरी पाहायला आलेल्या ढोराच्या डॉक्टरला मामी आजारी असल्याचं माहीत नव्हतं आणि मामीच्या डॉक्टरला बकरीचं.

उलट २०२२ मध्ये गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी आला तेव्हा गावात लोकांनी दूधच सोडलं होतं. लम्पी माणसाला होत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेला मात्र येतो, आणि त्याची भीती कोणालाच नाही.

स्क्रब टायफसचंही तसंच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने माणसं मेली. उंदरांवर आणि गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या पिल्लाचा चावा, मग कडक ताप, अन् कधी काखेत नाहीतर जांघेत सिगारेटने पोळल्यासारखा काळा डाग. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, आणि ती गोळी स्वस्त आहे. पण निंदणाला गेलेली बाई काखेतला डाग आपण होऊन दाखवत नाही, तो कोणीतरी शोधावा लागतो.

परदेशातून काही आणायचंच असेल तर रिकामे रस्ते नको, ती मासिक बैठक आणा. त्याला पैसा लागत नाही. तालुक्याला पशुधन विकास अधिकारी आहे (पद भरलेलं असलं तर), तालुका आरोग्य अधिकारी आहे, आणि दोघांच्या कचेऱ्यांत फार अंतर नसतं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची लस सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून फुकट आहे. ती गावात कोणत्या महिन्यात आली, किती कालवडींना टोचली, हे ग्रामसभेत विचारता येतं. कुत्र्यांचा ठराव घ्याच. त्याच सभेत हाही विषय पत्रिकेवर घ्या, आणि उत्तर द्यायला दोन्ही डॉक्टरांना बोलवा.