वेडा राघू, मृगाचा किडा आणि तुमची तक्रार

दादा, तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. 'तांबट, टाचणी, मरळ : यात पक्षी कोण, मासा कोण, किडा कोण?' हा माझा खेळ तुम्हाला पोरखेळ वाटला. गावठी नावं फसवी असतात, पोरांना शास्त्रीय नावंच शिकवा, असं तुमचं म्हणणं.

फसवी असतात, खरंय. वेडा राघू पोपटाच्या कुळातला नाही. मृगाच्या किड्याला आठ पाय, म्हणजे तो किडा नव्हे, कोळ्याचा भाऊबंद. पण नाव ठेवणारा पाय मोजत बसला नव्हता. दिसलं, ऐकू आलं ते त्यानं सांगितलं. भर उन्हात पिंपळावरून तांब्यावर हातोडी पडल्यागत 'टुक् टुक्' ऐकलेला माणूस तांबटाला मासा म्हणणार नाही. बाभळीच्या काट्याला नाकतोडा टोचून ठेवणारा पक्षी खाटीकच. गंमत बघा, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली या पक्ष्याला लॅनियस म्हटलं, त्याचा लॅटिन अर्थही खाटीक! आणि तांबटाचं शास्त्रीय नाव मेगालायमाचं सायलोपोगॉन झालं. इकडं तो तांबटच राहिला.

गावठी नावांची खरी परीक्षा कापसात. पान उलटा. हिरवट, पाचरीसारखं पिल्लू बोट लावताच तिरकं पळालं तर तुडतुडा. खालची बाजू खरवडून चंदेरी झाली असेल तर फुलकिडे. घोळक्यानं चिकटून बसलाय, पानही चिकट झालंय, तो मावा. आणि त्या माव्यावर ताव मारणारा लाल, ठिपक्यांचा ढालकिडा. त्याला कीड समजून फवारलं की माव्याचं फावलंच. अम्रास्का हे तुडतुड्याचं शास्त्रीय नाव, पण कृषी सेवा केंद्रात जाऊन 'अम्रास्कावर औषध द्या' म्हणणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

चतुर आणि टाचणी हे किडे तर बसल्या जागी ओळखू येतात: चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून घेते. माशांचं थोडक्यात सांगतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ वळवळते. वांब सापागत लांब.

तुमचा आक्षेप पाकोळीला मात्र लागू पडतो. आढ्याला पिसं-काड्या लाळेनं चिकटवून घरटं करणारा पक्षीही पाकोळी, दिव्याभोवती भिरभिरणारा किडाही पाकोळीच. तिला खेळातून काढतो. तुमच्याकडं कोणत्या पाकोळीला पाकोळी म्हणतात, तेवढं कळवा.