खुलासा : पॅलॅडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन

'पॅलॅडियम हायड्रॉक्साइडवर हायड्रोजन सोडला की काळी भुकटीच मिळते' असं विधान रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतंय. ते अर्धंच खरं आहे.

पर्लमन उत्प्रेरकाबाबत, म्हणजे कोळशावर बसवलेल्या हायड्रॉक्साइडबाबत, ते ठीक आहे. तिथे क्षपण होऊन धातुरूप पॅलॅडियम, म्हणजेच ती काळी भुकटी, तयार होतं. (वापरून झालेला हा उत्प्रेरक गाळताना ओलाच ठेवा, कोरडा पडला तर हवेत पेट घेतो.)

पण पिन्सर लिगँडच्या (धातूला चिमट्यासारखं धरणाऱ्या रेणूच्या) संकुलांना हाच नियम लावणं चूक आहे. इथल्या लिगँडमधले दोन फॉस्फरस आणि मधला एक कार्बन पॅलॅडियमला तीन बाजूंनी धरून ठेवतात. अशा संकुलातल्या हायड्रॉक्साइडची हायड्रोजनशी अभिक्रिया झाली की पाणी सुटतं आणि पॅलॅडियम हायड्राइड (हायड्रोजन थेट पॅलॅडियमला जोडलेलं संकुल) उरतं. धातू +२ ऑक्सिडीकरण अवस्थेतच राहतो, शून्यावर येत नाही. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तपासणीत) हे स्वच्छ दिसतं: हायड्राइडचा संकेत शून्याच्या ऋण बाजूला येतो आणि दोन सारख्या फॉस्फरसमुळे त्याची तीन शिखरं होतात.

'हायड्राइड बनण्याआधी पॅलॅडियमची +४ अवस्था यावीच लागते' असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर नाही. हायड्रोजनचा रेणू पॅलॅडियमजवळ येतो, त्याचा एक अणू प्रोटॉन म्हणून शेजारच्या ऑक्सिजनकडे जातो, दुसरा हायड्राइड म्हणून धातूवर राहतो. २००९ साली रसायनशास्त्रज्ञ कॅरेन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशा संकुलांवर केलेला अभ्यास याच चार-केंद्री (पॅलॅडियम, ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन अशा चार अणूंच्या) मार्गाकडे बोट दाखवतो.

म्हणून उत्तरात 'काळी भुकटी' लिहिण्याआधी लिगँड कोणता आहे ते बघा.