एटीएमचे पैसे २४ तासांत बुडतात? खुलासा

आमच्या मालवणच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय की एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर २४ तासांत त्या मशीनच्या बँकेत जाऊन अर्ज द्यायचा, नाहीतर पैसे बुडाले. हे चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका. काल शेजारची काकी हे वाचून भर पावसात एसटीने कणकवलीला निघाली होती, कारण मशीन तिथलं, आणि तिचं खातं इथेच बाजारातल्या शाखेत!

तक्रार आपल्या बँकेकडे करायची, म्हणजे ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्याकडे, मशीन कुणाचं का असेना. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे की असे कापलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवेत आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीसुद्धा न मागता. तरी तक्रार लगेच नोंदवाच आणि नंबर घ्या, कारण शाखेत "बघतो, येतील" एवढंच ऐकून लोक परत येतात आणि हातात काहीच राहत नाही. स्लिप आली नसेल तरी मेसेज असतो, त्यातली वेळ, रक्कम आणि मशीन कुठलं ते लिहून ठेवा. मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, शिल्लक कॅश मोजली की जास्तीची रक्कम सापडते.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. माहितीला १४४४८. पिन किंवा ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका.