रायफलीबद्दल बोलायचंय? मग आधी काडतुसाबद्दल बोलू

सैन्याच्या रायफलींवर आपल्याकडे प्रत्येकाचं मत तयार असतं. विदेशी ती चांगली, देशी ती टाकाऊ, आणि बाकदार मॅगझिन (काडतुसांची पेटी) दिसलं की ती एके-४७. मला हे मनापासून खटकतं, आणि पुण्यात तर जास्तच खटकतं. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. पाषाणला एआरडीई ही शस्त्रांचे आराखडे करणारी सरकारी संशोधन संस्था आहे, सैन्याच्या इन्सास या देशी रायफलीचा आराखडा तिथलाच. देशभरातल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांची २०२१ मध्ये जी कंपनी झाली, त्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही आपल्याच गावात. आपण तरी या विषयावर नीट बोलायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये खडकीला आर्मी डे परेड झाली. त्या निमित्तानं रेसकोर्सवर शस्त्रं मांडली होती. तिथल्या दोन रायफली, एके-२०३ आणि सिग ७१६, बघून सहावी-सातवीतल्या एका मुलीनं जवानाला विचारलं, "दादा, दोन्हींवर ७.६२ लिहिलंय, मग एकीची गोळी मोठी का?" मला वाटतं, त्या दिवशी तिथं विचारला गेलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

उत्तर असं. ७.६२ हा नळीच्या आतल्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचा आकडा पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीचा. रशियन आराखड्याच्या एके-२०३ ला लागतं ७.६२ × ३९, अमेरिकन सिग ७१६ ला ७.६२ × ५१. पुंगळी लांब म्हणजे आत दारू जास्त, दारू जास्त म्हणजे रेटा जास्त. पहिली गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७०० मीटर वेगानं सुटते आणि तिच्यात दोन हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. दुसरीचा वेग ८०० च्या वर आणि ऊर्जा तीन हजारांच्याही पुढे. ताबारेषेवर या डोंगरावरून त्या डोंगरावर नेम धरायचा असेल तर दुसरीच हवी. घराघरांत, गल्लीत, झाडीत शोधमोहीम असेल तर पहिली हाताळायला सोपी, खांद्याला धक्काही कमी. दोन्हींना सरसकट 'सेव्हन सिक्स्टी टू' म्हणून एका पारड्यात तोलणं चूक आहे.

मग सगळ्यांना मोठीच गोळी का देत नाहीत? कारण ती वाहायची असते, आणि वाहणारा माणूस असतो. ७.६२ × ५१ चं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, इन्सासला लागणारं ५.५६ × ४५ चं १२ ग्रॅमचं. दोनशे काडतुसं धरली तर जवळजवळ पाच किलो विरुद्ध अडीच किलो. पाणी, वायरलेस, बुलेटप्रूफ जाकीट, ग्रेनेड हे सगळं अंगावर असताना चढणीवर अडीच किलो म्हणजे काय, ते राजगडावर पाठीवर सॅक घेऊन गेलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला जर्मनांनी मधल्या ताकदीचं काडतूस आणलं, पाठोपाठ रशियनांची एके आली, आणि व्हिएतनामच्या काळात अमेरिका ५.५६ वर गेली. तीच अमेरिका आता ६.८ मिलिमीटरच्या दणकट काडतुसाकडे वळली आहे, कारण समोरच्याच्या अंगावरही आता चांगली जाकिटं आली आहेत. हे वाद संपणारे नाहीत आणि संपूही नयेत.

मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे नळीबद्दल थोडं जास्त बोलतो. साडेपाच मिलिमीटरचं भोक जवळजवळ अर्धा मीटर लांबीच्या पोलादात सरळ न्यायचं, ड्रिल कुठंही पळू द्यायचं नाही, आणि मग आतून पिळाचे खाचे पाडायचे. त्या पिळामुळं गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि हवेत लटपटत नाही. नळीत पुढे एक बारीक छिद्र असतं. दारूचा थोडा वायू तिथून वळतो, पिस्टनला मागं रेटतो, काडतुसामागचं दार, म्हणजे बोल्ट, फिरून उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढं ढकलते आणि नवं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, बसतं. एवढं सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात. इन्सास असो की एके, मूळ तत्त्व हेच. डीप होल ड्रिलिंग केलेल्या माणसाला विचारा, असं भोक हजारो नळ्यांत एकसारखं उतरवणं म्हणजे काय. देशी रायफलीला एका शब्दात मोडीत काढणारी पोस्ट वाचली की मला म्हणूनच राग येतो.

इन्सासमध्ये दोष होते. कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेले, रायफल अडकण्याच्या तक्रारी आल्या, आणि ते झाकायचं कारण नाही. ज्याच्या हातात ती ऐन वेळी अडकली त्याला आपण कुठलंही स्पष्टीकरण देऊ शकत नाही. पण १९६२ मध्ये आपले जवान जुनी .३०३ रायफल घेऊन लढले, प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढत. तिथून पुढे एसएलआर, म्हणजे दर गोळीनंतर आपोआप भरणारी रायफल, आणि मग स्वतःच्या आराखड्याची रायफल, काडतूस, मॅगझिन इथवर येणं हे मोठं काम होतं. खरी चूक, माझ्या मते, पुढे झाली. इन्सासच्या जागी काय हवं हेच ठरेना. २०११ मध्ये एकाच रायफलीत नळी बदलून दोन वेगळी काडतुसं चालवण्याची निविदा निघाली, २०१५ मध्ये ती रद्द झाली, आणि मग ७.६२ × ५१ वर मन बसलं. शेवटी २०१९ मध्ये ७२,४०० सिग घाईनं बाहेरून मागवाव्या लागल्या. कोणतं काडतूस हवं तेच ठरलेलं नसताना रायफल बनवणाऱ्यानं काय करायचं?

बाकी शस्त्रांबद्दल थोडक्यात. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, खोलीत किंवा गाडीत वळवायला सोपी. एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन, ती सेक्शनला, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीला, सतत माऱ्याचा आधार देते, इस्रायली नेगेव्ह त्यासाठीच घेतली. स्नायपर रायफलीचं गणित निराळंच, तिथं वारा, तापमान, उंची सगळं मोजावं लागतं, त्यावर वेगळं लिहीन.

पाषाणला जानेवारी २०२४ मध्ये 'उग्रम' दाखवण्यात आली. एआरडीई आणि हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीची ही रायफल ७.६२ × ५१ ची, वजन चार किलोच्या आत, पल्ला ५०० मीटर. तेव्हाच्या बातम्यांत 'शंभर दिवसांत बनवली' यालाच मोठा मथळा होता. मराठी वर्तमानपत्रांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या बातमीत मॅगझिन कशाचं आहे, उणे तापमानात आणि वाळूत चाचण्या कशा झाल्या, किती हजार गोळ्यांनंतर नळी बदलावी लागते, हे विचारा आणि छापा. कारगिलच्या उंचीवर जे अडलं ते यातच होतं.