अँटिव्हायरस बंद पडला म्हणून ‘हे सहा उपाय’? नानांच्या ग्रुपवरच्या ढकलपत्राला उत्तर

रविवारी सकाळी साडेसातला साताऱ्याहून नानांचा फोन. “अगं, बँकेची साइट उघडेना. म्हणते, तुमचं घड्याळ मागे आहे. माझं घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांना लावलेलं आहे, एक मिनिट इकडेतिकडे नाही.”

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वय ७१, निवृत्त शिक्षक, सोसायटीचे खजिनदार. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळा हिशेब एक्सेलमध्ये चोख ठेवतात. मी म्हटलं, “नाना, मनगटावरचं नाही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघा, तारीख काय आहे?”

“चौदा मार्च दोन हजार तेवीस.”

“ती कुणी लावली?”

जरा वेळ काहीच नाही. मग, “तो मेसेज आला होता ना ग्रुपवर...”

तो मेसेज मलाही आला होता. एकदा नव्हे, तीनदा. मी वाचून सोडून दिला, ही माझी चूक. ‘अँटिव्हायरस अचानक बंद पडलाय? दुकानदाराला पैसे देऊ नका!’ असं ठळक अक्षरांत शीर्षक, खाली सहा उपाय आणि शेवटी ‘सायबर तज्ज्ञांकडून जनहितार्थ’. तज्ज्ञाचं नाव नाही, गाव नाही. उपाय थोडक्यात असे: एक, अँटिव्हायरस बंद पडला म्हणजे व्हायरस शिरलाच, लगेच फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. दोन, टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसलं तर ती हेरगिरीची फाइल आहे, उडवा. तीन, लायसन्स संपलं असेल तर तारीख मागे न्या, फुकट चालू होतं. चार, एकाच्या जागी दोन-तीन अँटिव्हायरस टाका. पाच, विंडोज अपडेट कायमचं बंद करा. सहा, लाल स्क्रीनवर नंबर आला तर त्यावर फोन करा, इंजिनिअर ऑनलाइन येऊन मोफत दुरुस्त करतो.

नानांनी तिसरा उपाय केला होता आणि दुसऱ्याच्या तयारीत होते. म्हणून हे लिहायला बसले. क्रम त्या मेसेजचा नाही, माझ्या रागाचा आहे.

आधी तारखेचं. नानांच्या अँटिव्हायरसची मुदत संपली होती, कोपऱ्यात लाल फुली आली होती, एवढंच. तारीख मागे नेऊन तो चालू होतो का? हल्लीचे बहुतेक अँटिव्हायरस लायसन्सची मुदत स्वतःच्या सर्व्हरला विचारतात, तुमच्या कोपऱ्यातल्या घड्याळाला नाही. आणि समजा एखादा फसलाच, तरी त्याच्याकडे नव्या व्हायरसांची यादी कुठून येणार? ती यादी नेटवरून सुरक्षित जोडणीने येते आणि तारीख चुकली की नेमकी ती जोडणीच तुटते. ब्राउझर आधी साइटचं ओळखपत्र, म्हणजे प्रमाणपत्र, तपासतो. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. २०२० च्या सप्टेंबरपासून ही प्रमाणपत्रं ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची काढता येत नाहीत, आणि आता तर ती मुदत आणखी कमी करत आणली आहे. म्हणजे तुम्ही तारीख तीन वर्षं मागे नेलीत, तर आज चालू असलेलं एकही प्रमाणपत्र तेव्हा जन्मलेलं नव्हतं. ब्राउझर म्हणतो, हा माणूस भविष्यातून आलाय, मी याला आत घेणार नाही. बँक बंद, मेल बंद, वीजबिल भरायचं बंद, आणि ज्याच्यासाठी हा उद्योग केला त्या अँटिव्हायरसचं अपडेटही बंद.

यात अर्धं खरं एक आहे, ते नाइलाजाने मान्य करते. तारखेचा आणि अँटिव्हायरस बंद पडण्याचा संबंध असतो, पण उलटा. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक बटण सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. चार-सहा वर्षांनी तो संपतो. मग रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी कॉम्प्युटर कुठल्यातरी जुन्या सालात उठतो आणि अँटिव्हायरस तक्रार करायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे सेल बदलायचा आणि तारीख बरोबर करायची. मागे न्यायची नाही.

आता दुसरा उपाय. हा वाचून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजमध्ये आधीपासून असलेला अँटिव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. हेर वगैरे नाही, घरचा पहारेकरी. म्हणजे मेसेज सांगतो काय, तर अँटिव्हायरस बंद पडलाय ना, मग दुसरा जो चालू आहे तोही मारा!

असले मेसेज नवे नाहीत. २००२ साली, व्हॉट्सॅप नव्हतं तेव्हा, ईमेलवरून असाच एक इशारा जगभर फिरला होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये करड्या टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाइल असेल, तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, चौदा दिवस गप्प बसतो आणि मग सगळं पुसतो, म्हणून आजच डिलीट करा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोधलं, अस्वल खरंच सापडलं, आणि खात्री पटली. सापडणारच होतं, कारण ती विंडोजबरोबर येणारी मायक्रोसॉफ्टची फाइल होती, जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्यांच्या कामाची. जी वस्तू प्रत्येकाच्या घरात आहे तीच चोरीचा पुरावा म्हणून दाखवायची, ही युक्ती तेव्हाची. नानाही तेच म्हणाले, “अगं, पण मेसेजमध्ये लिहिलंय तसंच नाव माझ्याकडे निघालं!” नाना, माझ्याकडेही आहे. विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे आहे.

ती फाइल साध्या डिलीटने उडत नाही, विंडोज परवानगीच देत नाही. म्हणून मेसेजवाल्याने पुढे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, जाऊन ‘डिसेबल अँटिस्पायवेअर’ अशी नोंद करायला सांगितलंय. ही नोंद घरगुती विंडोज २०२० च्या ऑगस्टपासून मानतच नाही, आलेली बघून न बघितल्यासारखं करते. म्हणजे तज्ज्ञ जुन्या पंचांगावर मुहूर्त काढतायत. आणि तेवढ्यासाठी नानांसारख्या माणसाला रजिस्ट्रीत पाठवायचं? तिथे एक ओळ चुकीची उडाली की दुसऱ्या दिवशी विंडोज उठेलच असं नाही.

हा डिफेंडर कॉम्प्युटर जड करतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. तपासणी चालू असताना जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या मशिनवर माऊससुद्धा अडखळतो. ठरलेल्या वेळेच्या तपासणीत प्रोसेसरचा निम्म्यापर्यंत भाग वापरायचा, असं त्याचं मूळचं माप आहे. त्याला एकदा काम पुरं करू द्या. रात्री जेवताना मशीन चालू ठेवा. परवडत असेल तर हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. तरीही शंका असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. विंडोज डिफेंडरच्या फोल्डरमध्ये असेल तर तो पहारेकरीच. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये निघाला, तर मात्र मला फोन करा.

सहावा उपाय सगळ्यात घातक, आणि मला संशय आहे की पहिले पाच याच्यासाठीच लिहिलेत. घाबरवायचं, गोंधळात टाकायचं आणि मग नंबर द्यायचा. लाल स्क्रीन, भोंग्यासारखा आवाज, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट लिहून ठेवलंय की त्यांच्या चूक दाखवणाऱ्या किंवा इशारा देणाऱ्या संदेशांत फोन नंबर कधीही नसतो. कधीही. हे एक वाक्य कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा, बाकी माझं लिखाण विसरलात तरी चालेल. नंबर दिसला की तो ठग.

ही लाल स्क्रीन म्हणजे ब्राउझरने पडदाभर पसरलेलं साधं पान असतं. ऑल्ट आणि एफ ४ एकत्र दाबा. नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा, आभाळ कोसळत नाही. नंतर ब्राउझरने ‘मागची पानं परत उघडू का’ विचारलं, तर नाही म्हणा.

आणि फोन केलाच तर? पलीकडचा गोड आवाजाचा माणूस तुम्हाला एनीडेस्कसारखं, दुरून दुसऱ्याचं मशीन चालवू देणारं काहीतरी उतरवून घ्यायला सांगतो आणि त्यावरचा आकडा मागतो. आकडा दिला की तुमचा माऊस तो हलवतो. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडतो आणि लाल फुल्यांची लांबच लांब यादी दाखवतो: बघा, केवढे व्हायरस! त्या यादीत व्हायरस नसतात. कुठली सर्व्हिस उशिरा सुरू झाली, कुठला प्रिंटर सापडला नाही, असल्या नोंदी असतात. काल दुकानातून आणलेल्या नव्या मशिनवरही चार दिवसांत त्या साठतात. एवढं दाखवून झालं की रकमेची गोष्ट निघते, किंवा ‘रिफंड देतो, जरा बँकेचं पान उघडा’ अशी. २०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनचे तंत्रज्ञ असल्याचं भासवून फसवणाऱ्या कॉल सेंटर्सचीही प्रकरणं होती. कुणी फसलंच असेल तर लाजत बसू नका. आधी नेटची वायर काढा, मग बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

उरलेले तीन भराभर.

फॉरमॅट मारा म्हणे! लाल फुली येण्याची बहुतेक कारणं कंटाळवाणी असतात: मुदत संपली, अपडेट अर्धवट राहिलं, दोन अँटिव्हायरस एकमेकांना नडले. खरा व्हायरस आधी पहारेकऱ्यालाच गप्प करायला बघतो, हेही खरं. डिफेंडर पुन्हा पुन्हा चालू करूनही आपोआप बंद होत असेल, तर ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत ती तपासणी होते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत साधनं आहेत. घर साफ करायला आधी झाडू घ्या, बुलडोझर नको.

दोन-तीन अँटिव्हायरसचं उत्तर आपल्या भाषेत केव्हाचंच आहे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुम्ही एक फाइल उघडता, दोघेही ती अडवून तपासतात, वर एकमेकांनाही तपासत बसतात, आणि मशीन गोठतं. म्हणूनच दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. त्याला जे कळतं ते या तज्ज्ञांना नाही.

अपडेट बंद करा, हे सांगणाऱ्याकडे एक उदाहरण नक्की असतं: १९ जुलै २०२४. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली आणि आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. झालं होतं, कबूल. पण ते मोठ्या कंपन्यांना विकलं जाणारं उत्पादन होतं आणि ते अपडेट विंडोजचं नव्हतंच. दुसरी तारीखही लक्षात ठेवा, १२ मे २०१७, वॉनाक्राय, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्या फायलींना कुलपं लागली. विंडोज १०वाल्यांना तर १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीची अपडेट येणंच थांबलंय, त्यांनी वाढीव मुदतीची नोंदणी करावी किंवा ११ वर जावं. डिफेंडरची व्हायरसांची यादी त्यांना २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार आहे, पण घराचं दार किडलेलं असताना पहारेकरी किती पुरणार?

नानांचं काम फोनवर वीस मिनिटांत झालं. आधी तारीख-वेळ ‘आपोआप’वर. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला, कारण असा संपलेला कधी कधी दारातच अडून बसतो आणि डिफेंडरला पुढे येऊ देत नाही. मग रीस्टार्ट. “बंद करून चालू केलं तर?” नानांनी विचारलं. नाही, रीस्टार्टच. हल्लीचं विंडोज शटडाउन केल्यावर पूर्ण झोपत नाही, डोळा किलकिला ठेवतं. परत आल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडलं, हिरवी खूण.

“मग मी दरवर्षी पैसे कशाला भरत होतो?” त्यांचा प्रश्न बरोबर आहे. विकतच्या अँटिव्हायरसमध्ये जास्तीच्या सोयी असतात आणि फोनवर बोलायला माणूस असतो. ते हवं असेल तर जरूर घ्या, पैसे देऊन घ्या, तारीख फिरवून नको.

हिरवी खूण खरी की नुसती रंगवलेली, हे बघायलाही सोय आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते, ती व्हायरस समजून पकडायची असं सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवून घेतलंय. धुराचा अलार्म उदबत्तीने तपासावा तसं. नानांनी ती उतरवली, डिफेंडरने झडप घातली, आणि नाना लहान मुलासारखे हसले.

हसू फार टिकलं नाही. तारीख मागे असलेल्या चार दिवसांत त्यांनी सोसायटीच्या मेंटेनन्सच्या अकरा पावत्या छापल्या होत्या, आणि त्यांच्या एक्सेलमध्ये पावतीवर तारीख आपोआप पडते. अकराही पावत्यांवर मार्च २०२३. दोन सभासदांनी लगेच विचारलंय, तीन वर्षांपूर्वीचे पैसे आता कसे मागता? नाना सध्या पावती पुस्तक घेऊन एकेक मजला चढतायत. लिफ्ट नाही.